डाव्या पायाचा अर्धा इंच

गल्लीत त्यांना तोंडावर ‘मास्तर’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘अर्धाइंच’. नाव पडायला कारणही तसंच होतं. कोट शिवून झाला, इस्त्री झाली, गिऱ्हाईक आरशात पुढून-मागून बघून खूश होऊन उंबऱ्याबाहेर पडलं, की मास्तर चष्मा कपाळावर सारून हाक मारायचे, “थांबा. डावी बाही अर्धा इंच पळालीय. काढा.”

“अहो मास्तर, कुणाला दिसतंय?”

“मला दिसतंय.”

“मी कोट घालून कचेरीत जाणार. तुमच्या डोळ्यांसमोर थोडाच बसणार आहे?”

“काढा म्हणतो ना.”

आणि तो कोट पुन्हा दोन दिवस खुंटीवर.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन यंत्रं, कोपरं घासून गुळगुळीत झालेलं बेतायचं टेबल, तीन पानांचा आरसा आणि मागच्या बाजूला वर राहत्या खोल्यांकडे जाणारा लाकडी जिना. खिडकीपाशी मास्तरांची बायको काजं करत बसायची. हातातली सुई आणि तोंडातली जीभ, दोन्ही तिच्या सारख्याच चालायच्या.

मास्तरांची आणखी एक रीत होती. दुसऱ्या दुकानांत एक जण माप घेतो, मोठ्यानं ओरडतो आणि दुसरा लिहून घेतो. भर दुकानात “कंबर चव्वेचाळीस!” ऐकलं की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, आणि मग पँट घट्ट झाली म्हणून भांडायला येतं. मास्तर माप घेताना ओठ हलवायचे नाहीत. आकडे स्वतःच वहीत लिहायचे. आणि माणसाच्या दोन बाजूंत फरक असला तर तो आकड्यात सुद्धा नाही, टिंबात. एक टिंब म्हणजे पाव इंच. टिंब आकड्याच्या वर असलं तर तेवढं जास्त, खाली असलं तर तेवढं कमी.

“माणूस घाईत बेतलेला आहे,” ते बायकोला सांगायचे. “दोन बाजू सारख्या कुणाच्याच नाहीत. शिंप्यानं ते कापडात मिटवायचं आणि आपलं तोंड मिटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“तुमची मूठ झाकलेलीच असते,” बायको म्हणायची. “तोंड तेवढं घरात उघडतं.”

पस्तीस वर्षं ही रीत चालली. कुणाचा वाकलेला पाठीचा कणा, कुणाचा खाली गेलेला खांदा, कुणाचा बारीक पाय, सगळं त्या वह्यांमध्ये टिंबाटिंबांनी झोपलेलं होतं. मास्तरांच्या कोटात माणूस सरळ दिसायचा. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता.

मुलगी, जावई आणि नात वरच्याच खोल्यांत राहायची. जावई लांब पल्ल्याच्या मालगाडीवर. आठवड्यातले पाच दिवस घराबाहेर. मुलगी तक्रारी ऐकायच्या कचेरीत कामाला. दिवसभर लोकांचे बंद पडलेले फोन कानाला लावून ऐकायची आणि घरी येऊन म्हणायची, “आता कुणी माझ्याशी तक्रार केलीत तर याद राखा.” नात सहा वर्षांची. बारीक, टोकदार, कुठंही घुसणारी. तिला आजोबांनीच नाव ठेवलं होतं, टाचणी.

टाचणीच्या अंगावर जन्मापासून विकतचा कपडा चढला नव्हता. मास्तर असताना दुकानातून कपडे आणायचे म्हणजे विहिरीशेजारी राहून पाणी विकत घेणं. दर सहा महिन्यांनी ते तिला टेबलावर उभं करायचे, फीत लावायचे आणि तिच्या पानावर लिहायचे.

टाचणी साडेचार वर्षांची असताना तिच्या डाव्या पायाच्या लांबीवर पहिलं टिंब पडलं. पाव इंच. मास्तरांनी फीत पुन्हा लावली. पाव इंचच. मूल म्हणजे अजून न भिजवलेलं कापड, त्यांनी मनाशी म्हटलं. कुठून आटेल, कुठून सुटेल, सांगता येत नाही. त्यांनी पँटचा डावा पाय पाव इंच लांब बेतला. सहा महिन्यांनी डाव्या गुडघ्याच्या घेरावरही एक टिंब आलं आणि डाव्या मांडीच्या आकड्याखाली एक. त्यांनी गुडघ्याशी कापड सैल सोडलं, मांडीला आत दाबलं. त्यापुढच्या मापाला प्रत्येक ठिकाणी दोन-दोन टिंबं झाली. पँट अशी बसली, की बघणाऱ्यानं म्हणावं, पाय असावेत तर असे. मास्तर बोलले कुणालाच नाहीत. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक, मग ते नात का असेना.

सकाळी मात्र टाचणी वेगळीच असायची. आई कामाच्या घाईत बूट चढवत असायची आणि ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, बुडावर घसरत, एकेक पायरी खाली यायची. डावा पाय काठीसारखा पुढं.

“चालत ये!” आई ओरडायची.

“पाय झोपलाय.”

“रोज बरा झोपतो शाळेच्या वेळेला! नाटकं पुरेत हं.”

आणि दहा वाजता शाळेच्या सुट्टीत हीच पोरगी पळताना दिसायची. आजी म्हणायची, “सकाळी शंभर वर्षांची, दुपारी शेपटी फुटलेली.” सगळे हसायचे. टाचणीसुद्धा. कारण दुखतंय असं ती कधी म्हणालीच नाही. तिला वाटायचं, सगळ्यांचेच पाय सकाळी असे असतात. निदान आजोबांचे तरी होतेच. मास्तरांचे गुडघे यंत्राचा पाय मारून मारून झिजलेले. तेही सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तेल चोळायचे. मग ती शेजारी येऊन बसायची, पाय पुढं करायची आणि म्हणायची, “आबा, आपल्या दोघांचे गुडघे उशिरा उठतात ना?”

“आपण कलाकार माणसं,” मास्तर म्हणायचे आणि उरलेलं तेल तिच्या गुडघ्याला लावायचे. गुडघा हाताला गरम लागायचा. त्यांना वाटायचं, चोळल्यामुळे.

भांडं फुटलं ते एका विकतच्या पँटमुळे. शाळेत कवायतीचा कार्यक्रम होता. सगळ्या मुलांना एकाच रंगाचा, एकाच दुकानातला पोशाख. मुलीनं तो आणला, वरच्या खोलीत टाचणीला घातला आणि तणतणत खाली घेऊन आली.

“बघा बाबा, तुमच्या रेडीमेडवाल्यांची करामत! एक पाय आखूड शिवलाय. बघा, डावीकडं घोटा उघडा पडलाय.”

मास्तर एका झग्याची खालची दुमड टाचत होते. तोंडात पाच-सहा टाचण्या धरलेल्या. त्यांनी पँटकडे पाहिलं. त्या पायाची मापं त्यांना पाठ होती. टाचण्या तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही, हे एक बरं असतं. ते नुसतं “हं” म्हणाले.

मुलगी तशीच पोशाख घेऊन दुकानात भांडायला गेली. तिथल्या माणसानं पँट काउंटरवर पसरली, पायावर पाय ठेवला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

“ताई, दोऱ्याचाही फरक नाही.”

“मग माझ्या मुलीच्या अंगावर आखूड कशी होते?”

“ते आता मुलीला विचारा,” तो म्हणाला. त्यानं टोमणाच मारला होता, पण मुलगी त्यावर भांडली नाही. ती पोशाख उचलून घरी आली. टाचणीला उचलून बेतायच्या टेबलावर उताणी निजवली, दोन्ही टाचा जुळवल्या आणि बघत राहिली. टाचा जुळत नव्हत्या. डावा गुडघा टेबलाला टेकत नव्हता. खालून हात सरकवला तर आरपार गेला. आणि त्या गुडघ्याची वाटी नेहमीसारखी वर दिसतच नव्हती. जागेवर नुसता मऊ, भरलेला गोल.

“आई, हे कधी झालं?” तिनं खिडकीकडे बघून विचारलं.

आजीच्या हातातली सुई थांबली. “मला काय ठाऊक? कपड्यातून काही दिसलं नाही बाई.”

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खुपसल्या. अजूनही बोलता आलं असतं.

घरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांवर तळहाताची मागची बाजू ठेवून पाहिली, उजवा थंड, डावा गरम, आणि लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. दोन आठवड्यांनी नंबर लागला आणि सगळे तिथे बसले होते. मास्तरांनी जाताना वही पिशवीत घातली होती. का घातली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वाटेत दोनदा त्यांना वाटलं, बसमध्येच विसरावी.

सांध्यांच्या डॉक्टरबाई टाचणीला तपासत होत्या की तिच्याशी खेळत होत्या, कळत नव्हतं. आधी तिला नुसतं दारापर्यंत चालवलं. मग टाचांवर, मग चवड्यांवर. मग म्हणाल्या, “छताला काय चिकटलंय बघ. आता हात जोड. आता तुझीच तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव.”

“तीन कशाला?”

“जबडा उघडतो का बघायचंय. त्यालाही सांधा असतो.”

“आजीचा तर सारखाच उघडतो,” टाचणी बोटं घालून बोलली. डॉक्टरबाई हसल्या आणि एकेक बोट, मनगट, कोपर, घोटा दाबून बघत गेल्या. शेवटी फीत काढली. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. मास्तरांना राहवलं नाही. “आम्ही बाहेरून घेतो. कमरेपासून.”

“तुम्ही पँट शिवता, आजोबा. मी हाड मोजते,” त्या म्हणाल्या. पण आवाजात चेष्टा नव्हती. मग मुलीकडे वळून विचारलं, “हे कधीपासून आहे?”

“दोन आठवडे. म्हणजे, आमच्या लक्षात आलं त्याला दोन आठवडे.”

“सकाळी आखडते?”

मुलीचा चेहरा उतरला. “सकाळी... हो. मला वाटायचं शाळा चुकवायची थेरं आहेत.”

“सगळ्यांना तसंच वाटतं. लहान मुलं दुखणं सांगत नाहीत, त्याला वळसा घालून जगायला शिकतात.” डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “हा संधिवात आहे. लहान मुलांचा.”

“वात?” मास्तर म्हणाले. “वात म्हातारपणी येतो. माझा बघा.”

“तुमचे गुडघे झिजलेत. हिचे झिजले नाहीत, सुजलेत. अंगात जंतूंशी लढायला जी फौज असते, तिला चुकून स्वतःचाच सांधा शत्रू वाटतो. तो पडल्यानं होत नाही, थंडीनं होत नाही, कुणी काही खाऊ घातलं म्हणून होत नाही. अजून काही दुसरं नाही ना, हे बघायला रक्त तपासू, सोनोग्राफी करू. पण एक गोष्ट मला कळायला हवी. किती दिवस झाले? थोडेच दिवस झाले असतील तर सूज उतरायचं साधं औषध देऊन वाट बघता येते. खूप दिवस झाले असतील तर वाट बघणं चूक. सुजलेल्या गुडघ्याजवळ रक्त जास्त खेळतं, म्हणून तिथलं हाड भराभर वाढतं. दोन आठवड्यांत हाड अर्धा इंच वाढत नाही, ताई. आणि दुसरं, हा आजार चोरपावलांनी डोळ्यातही जातो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि आतून खराब होतो. म्हणून विचारते.”

मुलगी बोटांवर महिने मोजायला लागली आणि मध्येच थांबली. तिच्याकडे मोजायला काही नव्हतंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटत होतं, चूक आपली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून वही काढली, टाचणीचं पान उघडून टेबलावर ठेवली.

“दीड वर्ष,” ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पान स्वतःकडे ओढलं. “ही टिंबं कसली?”

आणि मग मास्तरांनी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मापं मोठ्यानं वाचली. चौथं वर्ष, दोन्ही पाय सारखे. साडेचार, डावी लांबी पाव इंच जास्त. पाच, लांबी तेवढीच, डावा गुडघा पाव इंच जास्त, डावी मांडी पाव इंच कमी. साडेपाच, लांबी अर्धा जास्त, गुडघा अर्धा जास्त, मांडी अर्धा कमी. त्यांनी एकही टिंब गाळलं नाही.

“मांडी बारीक झाली कारण तो पाय ती वाचवून टाकत होती,” डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “आजोबा, इतका नीट इतिहास मला कुणी आणून देत नाही. या पानाचा फोटो घेऊ का?”

मास्तरांनी मान हलवली. ते मुलीकडे बघत नव्हते.

मुलगी टाचणीचा हात धरून बाहेर पडली. बोलली ती लांबलचक व्हरांड्यात, टाचणी पुढं रंगीत फरशांवरून उड्या मारत होती तेव्हा.

“तुम्हाला माहीत होतं.”

“मला वाटलं—”

“तुम्हाला कोटाची बाही पळालेली दिसते. परक्या माणसाला रस्त्यावरून परत बोलावता. आणि हिचा पाय तुम्ही...” तिला शब्द सापडायला वेळ लागला. “तुम्ही तिचं दुखणं शिवून टाकलंत, बाबा. इतकं छान, की मला दिसलंच नाही. मी तिला रोज नाटकी म्हणत होते.”

“पोरी—”

“मापात पाप असतं म्हणतात ते दुसऱ्याचं कापड चोरणाऱ्याचं. तुम्ही तर माझ्यापासून मूलच चोरलंत.” मग ती थांबली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आता तिचे कपडे तुम्ही शिवू नका.”

मास्तरांना कुणी कधी कपडा परत केला नव्हता. पूर्ण गिऱ्हाईकच परत गेलं, ते पहिल्यांदा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दिव्याच्या यंत्रापुढं टाचणीची हनुवटी टेकवली, तेव्हा मास्तर भिंतीला लागून उभे होते. दीड वर्ष, ते मनात म्हणत होते, दीड वर्ष कमी नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळे आलटून पालटून पाहिले. मग म्हणाले, डाव्या डोळ्यात थोडी सुरुवात आहे. डाग पडलेले नाहीत. थेंब घाला, आणि दर तीन महिन्यांनी दाखवत राहा. मूल तक्रार करो ना करो. मास्तर भिंतीवरून घसरत खाली बसले. नर्सनं पाणी आणून दिलं. “आजोबा, पेशंट कोण आहे?” ती म्हणाली.

उपचार सुरू झाले. भूल देऊन गुडघ्यात इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात तो फुगलेला गोल उतरला आणि गुडघ्याची वाटी पुन्हा दिसायला लागली. पण गुडघा सरळ व्हायला औषध पुरत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, पायाखाली गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची. दहा आकडे होईपर्यंत दाब, पाच आकडे विसावा. पलंग मऊ पडला. घरात सपाट आणि कडक जागा एकच होती, बेतायचं टेबल. मुलगी रोज संध्याकाळी टाचणीला तिथं निजवायची, मास्तरांनी गप्प बाजूला केलेल्या कापडातून एक ताग्याची गुंडाळी उचलायची आणि मोजायची. मास्तर यंत्रावर बसून पाठ फिरवून ऐकायचे. ते बोलायचे नाहीत, ती विचारायची नाही. आजी मध्ये बसून दोघांना ऐकू जाईल असं काजाशी बोलायची, “काही लोकांच्या जिभेलाही व्यायाम हवाय.”

खरा त्रास गोळीचा होता. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची गोळी. रंगानं पिवळी. पहिले काही आठवडे टाचणीनं घेतली. नंतर त्या दिवशी सकाळपासूनच तिचं पोट ढवळायचं. पुढंपुढं तर गोळी न घेताच. एके दिवशी ती जिन्यावरून खाली आली, टेबलाकडे पाहिलं आणि भडभडून ओकली.

“अगं, आज तर गोळीचा वारही नाही!” आई घाबरली.

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर त्यांचा खडू होता. कापडावर खुणा करायचा, सपाट, पिवळा. पस्तीस वर्षं मास्तर पिवळाच खडू वापरत आले होते. गडद कापडावर तोच उठून दिसतो, असं त्यांचं मत. त्यांनी खण उघडला, खडूचा सगळा डबा काढला, पिवळ्या रंगाची रिळं काढली, पिवळ्या कापडाचे तुकडे काढले आणि गल्लीच्या टोकाला जाऊन टाकून आले. येताना निळे खडू आणले. त्या दिवशी त्यांनी कापलेल्या काळ्या कापडावर निळ्या खुणा दिसेनात आणि एक खिसा चुकला. मास्तरांचा खिसा चुकला, ही बातमी गल्लीत दिवसभर वाऱ्यासारखी फिरली.

मुलीनं हे पाहिलं. दवाखान्यात जाऊन तिनं ओकारीचं औषध मागून घेतलं, गोळी गोड मुरंब्यात लपवायला लागली, आणि घरी येताना मास्तरांच्या पुढ्यात एक पुडी टाकली. पांढरे खडू.

“निळा दिसत नाही काळ्यावर,” ती म्हणाली. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

टाचणी मात्र विकतच्याच पँटी घालत होती. उजव्या बुटाला आता जाड तळ बसवला होता, पाय समान यावेत म्हणून. पण पँट डावीकडं वरच राहायची. एकदा कोटाच्या मापाला आलेल्या गिऱ्हाइकानं तिला दारातून जाताना पाहिलं आणि खिदळला, “काय मास्तर! अर्धाइंचाच्या घरात अर्धा इंच वर?”

खिडकीपाशी आजीनं काजावरून मान वर केली. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल या दुकानात कुणी बोलत नसे. घरातल्या माणसाच्या तर नाहीच.

“हो,” मास्तर म्हणाले. “संधिवात आहे तिला. डावा पाय वाढलाय. औषध चालू आहे.” आणि फीत त्याच्या खांद्यावर लावत म्हणाले, “तुमचाही उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. दाखवून घ्या कुणाला तरी.”

ते गिऱ्हाईक खांद्याकडे बघतच बाहेर पडलं. पुढल्या आठवड्यात मात्र कोट घ्यायला आलं तेव्हा म्हणालं, दाखवला खांदा. काही नाही, जड पिशवी वाहून झुकलाय. आणि हात पुढं करून मास्तरांचा हात दाबला.

सहा महिने झाले. दवाखान्यातून आल्यावर एका दुपारी मुलगी खाली आली. तिच्या हातात मास्तरांची वही होती आणि पेन होतं. टाचणीला तिनं टेबलावर उभं केलं.

“डॉक्टरबाई म्हणाल्या, मधल्या महिन्यांची मापंही हवीत. त्यांच्या फितीपेक्षा तुमची बरी, असं नाही म्हणाल्या. पण तुमची हवीत, असं म्हणाल्या.”

मास्तर उठले. गळ्यातली फीत काढली. सवयीनं ओठ मिटले.

“आबा, मोठ्यानं,” टाचणी म्हणाली. “आणि खरं सांग हं.”

“उजवी लांबी, पावणेसव्वीस.”

पेन चाललं.

“डावी, सव्वासव्वीस.”

“म्हणजे?” मुलीनं वर पाहिलं.

“म्हणजे अर्धा. होता तेवढाच.” त्यांनी फीत सोडून पुन्हा लावली. “तेवढाच. सहा महिन्यांत टिंब वाढलं नाही. गुडघे सारखे. डावी मांडी... पाव कमी.”

“मागे किती होती?”

“अर्धा.”

मुलीनं आकडे लिहिले. टिंबं नाहीत, शाळेतल्यासारखे गोल, मोठे आकडे, कुणालाही वाचता येतील असे. मग वही मिटली आणि खांद्यावरची कापडाची पिशवी टेबलावर ठेवली. आत निळं, जाडसर कापड होतं.

“पँट शिवा,” ती म्हणाली. “पण दोन्ही पाय सारखे. एका मापाचे. मला दिसलं पाहिजे.”

मास्तरांनी पांढऱ्या खडूनं रेघा मारल्या. उजवा पाय बेतला, तोच डाव्यावर ठेवून कापला. कात्री चालवताना त्यांचा हात एकदा थांबला. दोन टिंबांएवढं कापड बाहेर उरलं होतं. त्यांनी ते कापून खाली पाडलं.

तिसऱ्या दिवशी टाचणीनं पँट घातली, आरशाच्या तिन्ही पानांत स्वतःला बघितलं आणि बाहेर पळाली. आता जिनाही ती घसरत नाही, एकामागून एक पाऊल टाकत उतरायची. डाव्या घोट्यावरची कातडी दिसत होती.

खिडकीपाशी आजीनं दोरा दातांनी तोडला. “अहो, डावा पाय अर्धा इंच पळालाय.”

“दिसतंय,” मास्तर म्हणाले. “दिसू दे.”